परिषदेकडची तक्रार तुंबली, तर परिषदेच्या कामाचा जाब कुणाला विचारायचा?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडिलांची कोल्हापुरातल्या एका खासगी दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली, नंतर त्रास वाढत गेला आणि तीन आठवड्यांत ते गेले. तुम्ही डॉक्टरांविरुद्ध राज्य परिषदेकडे, म्हणजे डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या आणि चूक केली तर कारवाई करणाऱ्या संस्थेकडे, तक्रार पाठवली, त्याला आता चौदा महिने झाले. पोच मिळाली, पुढे काही नाही. फोन केला की "प्रोसेसमध्ये आहे" एवढंच उत्तर. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "डॉक्टरांवर परिषद लक्ष ठेवते म्हणतात. मग परिषदेवर कोण लक्ष ठेवतं?"

मी सव्वीस वर्षं कोल्हापुरात वकिली करतो. त्यातली निम्मी वर्षं दवाखान्यांच्या आणि डॉक्टरांच्या प्रकरणांत गेली. कधी रुग्णाच्या घरच्यांकडून उभा राहिलो, कधी डॉक्टरांकडून. त्यामुळे परिषदेचा दरवाजा मी दोन्ही बाजूंनी ठोठावलाय. तुमच्या शेवटच्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पण आधी एक तातडीची गोष्ट. परिषद डॉक्टरांना समज देऊ शकते, काही काळ नोंदणी स्थगित करू शकते, नाव नोंदवहीतून काढू शकते. नुकसानभरपाई मात्र ती देऊ शकत नाही. भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोगात जावं लागतं, आणि तिथे मुदत साधारणपणे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. परिषदेत तक्रार पडून आहे म्हणून ही मुदत थांबत नाही. "परिषदेचा निकाल लागू दे, मग ग्राहक मंचात जाऊ" असं म्हणत बसलेली तीन तरी कुटुंबं माझ्याकडे मुदत उलटल्यावर आली. उशीर माफ करून घेता येतो, पण त्यासाठी सबळ कारण दाखवावं लागतं आणि "परिषदेची वाट पाहत होतो" हे कारण दर वेळी चालतंच असं नाही. तुमचे चौदा महिने गेलेत. तुम्हाला भरपाई हवी आहे की नाही हे मला माहीत नाही, तो तुमच्या घरचा निर्णय. फक्त वडील गेल्याची तारीख कॅलेंडरवर मांडून उरलेले महिने मोजा आणि मग ठरवा.

आता मूळ मुद्दा. तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्यात. एक, डॉक्टर चुकले. दुसरी, परिषदेने काम केलं नाही. या दोन तक्रारींचे रस्ते वेगळे, पुरावे वेगळे आणि त्यातून मिळणारं उत्तरही वेगळं. परिषदेच्या वर जाऊन कुणाला "डॉक्टर दोषी आहेत ते बघा" असं लिहिलंत, तर तो कागद फिरून पुन्हा परिषदेकडेच येतो. कारण वरच्याला तो अधिकार नसतो. पण "अमुक तारखेला तक्रार पोचली, नियमाने इतक्या दिवसांत निर्णय व्हायला हवा होता, झाला नाही, आणि का नाही हे मला कळवलेलं नाही" असं लिहिलंत, तर ती परिषदेच्या कामाची तक्रार होते आणि तिला उत्तर द्यावं लागतं. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ अर्जांत हे दोन्ही एकत्र कालवलेलं असतं. राग खरा असतो, पण अर्ज दुबळा होतो.

तुम्ही कोणत्या परिषदेकडे गेलात ते लिहिलेलं नाही, आणि पुढचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे. ॲलोपॅथीचे डॉक्टर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीत असतात, ती परिषद १९६५ च्या राज्य कायद्याखाली चालते. आयुर्वेद आणि युनानीची परिषद वेगळी, होमिओपॅथीची वेगळी, दंतवैद्यांची वेगळी, परिचारिकांची वेगळी, फिजिओथेरपीचीही वेगळी. डॉक्टरांच्या नावापुढची पदवी आणि नोंदणी क्रमांक पाहून आधी खात्री करा की तक्रार बरोबर दारात गेली आहे. हे वाचून हसू नका. चुकीच्या परिषदेत वर्षभर पडून राहिलेली तक्रार मी स्वतः हाताळली आहे, आणि त्या वर्षभरात "हे आमच्याकडे येत नाही" एवढं एक वाक्यही त्या कुटुंबाला कुणी कळवलं नव्हतं. आणखी एक: परिषद फक्त व्यक्तीवर, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरवर कारवाई करते. बिल अवाच्या सवा लावलं, दरपत्रक लावलेलं नाही, रुग्णहक्कांची सनद लावलेली नाही, या दवाखान्याच्या गोष्टी. त्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली येतात. त्याच्या नियमांत २०२१ मध्ये तक्रार निवारणाची तरतूद घातली आहे. शहर हद्दीत त्यासाठी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जायचं.

पुढचं सगळं तुमची तक्रार ॲलोपॅथीच्या डॉक्टरांविरुद्ध आहे असं धरून लिहितो.

डॉक्टरांच्या आचारसंहितेचे जे विनियम आज लागू आहेत ते २००२ चे. इंटरनेटवर तुम्हाला २०२३ चे नवे विनियम सापडतील आणि कुणीतरी त्यातलं कलम तुम्हाला पाठवेलही. ते २ ऑगस्ट २०२३ ला निघाले आणि २३ ऑगस्टलाच स्थगित झाले, जुने पुन्हा लागू झाले. म्हणून अर्जात २००२ च्याच कलमांचे क्रमांक लिहा. त्यातल्या ८.४ मध्ये सरळ म्हटलंय की डॉक्टरविरुद्धच्या तक्रारीवर सहा महिन्यांत निर्णय व्हावा. आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर ८.७ मध्ये आहे. २००४ मध्ये दुरुस्ती करून हे कलम घातलं. राज्य परिषदेने सहा महिन्यांत निर्णय दिला नाही आणि त्याला पटण्यासारखं कारण नाही असं दिसलं, तर केंद्रीय परिषद दोन गोष्टी करू शकते: ठरावीक वेळेत निर्णय द्या असं राज्य परिषदेला बजावू शकते, किंवा ती तक्रार राज्याकडून काढून स्वतःकडे घेऊ शकते. कलमात "भारतीय वैद्यक परिषद" असं नाव आहे. ती परिषद २५ सप्टेंबर २०२० ला संपली आणि तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. आयोगाच्या आत नीतिमत्ता आणि नोंदणी पाहणारं एक स्वतंत्र मंडळ आहे. राज्य परिषदांमार्फत आचारसंहिता पाळली जाते की नाही हे पाहणं, हे २०१९ च्या कायद्याने त्या मंडळाचं कामच ठरवलं आहे. तुमचा अर्ज त्या मंडळाच्या नावे जायला हवा.

म्हणजे कागदावर "परिषदेवर कोण" याचं उत्तर आहे. प्रत्यक्षात ते कलम आपोआप चालत नाही. दिल्लीत बसून कोल्हापूरची तक्रार किती दिवस पडून आहे हे कुणी मोजत नाही, कुणीतरी कळवावं लागतं. आणि कळवायचं तर आधी एका प्रश्नाचं उत्तर हातात हवं: फाइल नेमकी कुठे अडकली आहे?

इथे मी एक अनुभव सांगतो. कागल तालुक्यातलं एक कुटुंब. मुलाने स्वतः बसून चाळीस पानांची तक्रार लिहिली होती, फार मन लावून. परिषदेत दीड वर्ष काही हललं नाही. सगळ्यांना खात्री होती की डॉक्टरांनी वशिला लावला. आम्ही माहितीच्या अधिकारात फाइल पाहायला मागितली. फाइलमध्ये वरच एक टिपण होतं: शपथपत्र जोडलेलं नाही, प्रतींचे संच अपुरे, दवाखान्याचे इनडोअर पेपर (रुग्ण दाखल असतानाच्या नोंदी) नाहीत, "त्रुटी पूर्ण करून घेणे". ते टिपण तक्रार पोचल्यानंतर तीन आठवड्यांत लिहिलेलं होतं. पण कुटुंबाला पत्र गेलंच नव्हतं. जावक नोंदवहीत नोंद नव्हती. वशिल्याचा काही पुरावा नव्हता. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कागद गेला नाही, एवढंच. मात्र त्या एवढ्याशा गोष्टीत एका आईचं दीड वर्ष गेलं. आम्ही त्रुटी भरून दिल्या आणि चार महिन्यांत पहिली सुनावणी लागली.

म्हणून तुम्ही सगळ्यात आधी हे करा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा, उत्तराची मुदत तीस दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा हवा, त्यामुळे दोन वेगळे अर्ज करा. पहिला तुमच्या फाइलबद्दल: तक्रार बारनिशीत, म्हणजे आवक नोंदवहीत, कोणत्या तारखेला नोंदली, त्यानंतर फाइलवर झालेल्या प्रत्येक नोंदीची तारखेसह प्रत, डॉक्टरांना नोटीस कधी गेली, खुलासा आला का, आणि फाइल पाहण्याची परवानगी. दुसरा अर्ज तुमच्या तक्रारीचा उल्लेखही न करता: गेल्या तीन वर्षांत दर वर्षी किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, सहा महिन्यांपेक्षा जुन्या किती, आणि चौकशी समितीच्या किती बैठका झाल्या.

हा दुसरा अर्ज लोक करत नाहीत. "मला बाकीच्यांचं काय करायचंय" असं म्हणतात. पण तुमचा प्रश्नच परिषदेच्या कामाचा आहे. तुमची एक तक्रार अडकली तर तो अपवाद असू शकतो. शेकड्याने अडकल्या असतील तर तो परिषदेच्या कारभाराचा दोष, आणि वरच्या मंडळासमोर किंवा न्यायालयासमोर त्याचं वजन वेगळं पडतं. एकदा एका परिषदेकडून मला उत्तर आलं होतं, "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही." माझे अशील खट्टू झाले. मी ते पत्र जपून ठेवलं आणि पुढे अर्जाला जोडलं. किती तक्रारी पडून आहेत हे ज्या संस्थेने मोजलेलंच नाही, तिला आपण उशीर करतो हे कळणार कसं? ते एका ओळीचं उत्तर हाच पुरावा होता. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, आणि तिथेही नाही झालं तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

आता थोडं मागे सरकून पाहू, कारण तुमच्या प्रश्नात एक मोठी गोष्ट आहे आणि ती मला महत्त्वाची वाटते.

आपल्याकडचा ऊस उत्पादक "काटा कोण तपासतं?" हा प्रश्न कायम विचारत आलाय. कारखान्याचा काटा उसाचं वजन करतो, पण काट्याचंच वजन बरोबर आहे का? म्हणून तर वैधमापनवाले येतात, भरारी पथक फिरतं, बाहेरच्या काट्यावर वजन करून आणायची मुभा मागितली जाते. यात कारखान्याला चोर ठरवलेलं नसतं. ज्याच्या मापावर सगळ्यांचं पोट अवलंबून आहे ते माप दुसऱ्या कुणीतरी ठरावीक काळाने पाहिलंच पाहिजे, इतकी साधी ती मागणी आहे. डॉक्टरांचं माप परिषद काढते. परिषदेचं माप ठरावीक काळाने काढणारं आपल्याकडे कुणी नाही. ८.७ सारखी कलमं आहेत, न्यायालय आहे, पण ती सगळी कुणी दार ठोठावल्यावर जागी होतात.

इंग्लंडमध्ये हे काम करणारी वेगळी संस्था आहे, प्रोफेशनल स्टँडर्ड्स ऑथॉरिटी. ती का आली हे सांगण्यासारखं आहे. ब्रिस्टलच्या सरकारी रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांत मृत्यूचं प्रमाण जास्त होतं, आतले लोक बोलत होते, पण वर्षानुवर्षं काही झालं नाही. इयन केनेडी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली, २००१ मध्ये अहवाल आला, आणि २००२ च्या कायद्याने सगळ्या आरोग्य परिषदांवर नजर ठेवणारी संस्था तयार झाली. आजचं नाव तिला २०१२ मध्ये मिळालं. ती डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य, औषधनिर्माते अशा दहा परिषदांचं काम तपासते. त्यासाठी निकष ठरलेले आहेत: नोंदवही अचूक आहे का, ती लोकांना पाहता येते का, तक्रार करणं सोपं आहे का, चौकशी न्याय्य आहे का, आणि वेळेत होते का. निकष पुरा झाला नाही तर तसं नावानिशी छापतात. तिथली परिचारिकांची परिषद वेळेच्या निकषात सलग काही वर्षं कमी पडली, आणि ते अहवालात कुणालाही वाचता येतं. शिवाय सुनावणीअंती दिलेला एखादा निकाल लोकांच्या सुरक्षेसाठी फारच सौम्य आहे असं वाटलं, तर ती संस्था तो उच्च न्यायालयात नेऊ शकते. म्हणजे तिथे रुग्णाच्या मुलीला एकटीने वकील लावून लढावं लागत नाही.

ऑस्ट्रेलियात थोडी वेगळी रीत आहे. तिथे २०१० पासून सगळ्या आरोग्य व्यवसायांची देशभर एकच नोंदणी व्यवस्था आहे आणि तिच्या कारभाराबद्दल तक्रार ऐकायला वेगळा लोकपाल आहे. उशीर झाला, कारण सांगितलं नाही, माझं म्हणणं ऐकलंच नाही, अशा तक्रारी तो घेतो. डॉक्टर दोषी की निर्दोष हा निर्णय तो बदलत नाही. मी तुम्हाला सुरुवातीला दोन तक्रारी वेगळ्या करा म्हणालो, त्यांनी ती वाटणी व्यवस्थेतच करून ठेवली आहे.

आपल्याकडे काय झालं? केंद्रीय परिषदेवर नजर ठेवण्याचा विषय निघाला तो थेट बरखास्तीपर्यंत गेला. २०१० मध्ये सरकारने ती बाजूला करून संचालक मंडळ नेमलं. पुढे ती परत आली. २०१६ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने तिच्यावर अत्यंत कडक अहवाल दिला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती बसवली. २०१८ मध्ये पुन्हा बरखास्ती, २०२० मध्ये आयोग. या सगळ्यात चर्चेचा भर राहिला तो कॉलेजांच्या मान्यतेवर आणि जागांवर. तक्रारदाराला किती दिवसांत उत्तर मिळतं हा विषय कडेलाच पडला. मधुमेहाच्या रुग्णाची साखर वर्षानुवर्षं कुणी तपासायची नाही आणि पाय काळा पडला की एकदम कापायचा, असं ते आहे. मला वाटतं दरवर्षीची साधी तपासणी या मोठ्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्त उपयोगाची ठरली असती.

आणि हा विषय फक्त रुग्णांचा आहे असं समजू नका. गडहिंग्लज भागातले एक तरुण सर्जन माझे अशील होते. त्यांच्याविरुद्धची तक्रार जवळपास पाच वर्षं लोंबकळली. मधल्या काळात त्यांना परदेशात प्रशिक्षणाची संधी आली. तिकडच्या संस्थेने परिषदेकडून सचोटीचा दाखला मागितला, आणि तक्रार प्रलंबित असल्याने तो अडला. संधी गेली. शेवटी ते निर्दोष ठरले. निकालाची प्रत घेऊन ते माझ्या ऑफिसात आले तेव्हा म्हणाले, "वकीलसाहेब, सहा महिन्यांत दोषी ठरवलं असतं तरी मी एवढा खचलो नसतो." तक्रार करणाऱ्या कुटुंबाचंही त्याने काही भलं झालं नव्हतं, त्यांना पाच वर्षांनी दोन पानांचं पत्र मिळालं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण परिषदेने वेळेत काम करावं ही मागणी तुम्ही केलीत तर ती डॉक्टरांच्या विरोधातली मागणी ठरत नाही. आपल्या शहरातले कित्येक डॉक्टर तुमच्या अर्जावर सही करतील.

समजा माहिती हातात आली, मंडळाला ८.७ खाली अर्ज गेला, दोन-तीन महिने थांबलात, आणि तरी काही नाही. मग उच्च न्यायालय. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट अर्ज करून "परिषदेने अमुक मुदतीत तक्रारीवर निर्णय द्यावा" असा आदेश मागता येतो. इथेही मागणी नेमकी ठेवा. न्यायालयाला डॉक्टर दोषी ठरवायला सांगू नका, ते साधारणपणे त्यात शिरत नाही. कायद्याने सोपवलेलं काम करा, एवढं सांगायला न्यायालयाला फार वेळ लागत नाही.

यात आपल्या भागासाठी एक मोठा बदल झालाय. पूर्वी मी अशिलाला घेऊन रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने निघायचो, सकाळी मुंबईत उतरायचो, दिवसभर थांबून पुढची तारीख घ्यायचो आणि रात्री परत. तिकीट, जेवण, बुडालेली मजुरी धरून एक तारीख शेतमजुराच्या कुटुंबाला महिन्याच्या कमाईएवढी पडायची. कित्येकांनी केवळ त्यासाठी तक्रार सोडून दिली. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय, सीपीआर या सरकारी रुग्णालयासमोर, भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या इमारतीत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. त्यासाठी आम्ही वकिलांनी चाळीस वर्षांहून अधिक काळ आंदोलन केलं. परिषदेचं कार्यालय मुंबईत असलं तरी उपचार इथे झाले, तुम्ही इथल्या, म्हणून अर्ज इथेच चालावा असं मांडता येतं. तुमचे वकील त्याचा बारकावा पाहतील. सीपीआरच्या दारात उभं राहून न्यायालयाकडे पाहिलं की मला नेहमी वाटतं, रुग्णाच्या तक्रारीला दादही आता रस्ता ओलांडण्याएवढी जवळ आली आहे.

वकिलाचा खर्च झेपणारा नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळतं, हे फार जणींना माहीत नसतं.

अजून एक रस्ता आहे, तो कुणी वापरत नाही. राज्य परिषद सरकारच्या वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येते. आपल्या जिल्ह्यात दहा विधानसभा मतदारसंघ आहेत. तुमच्या आमदारांना भेटून "सहा महिन्यांहून जुन्या तक्रारी किती" हा प्रश्न सभागृहात मांडायची विनंती करा. मंत्र्यांना उत्तर द्यायचं तर विभागाला परिषदेकडून आकडे मागवावेच लागतात. मागवल्यावर कुणीतरी बसून मोजतं. आमदारांकडे जाताना डॉक्टरांचं नाव घेऊन जाऊ नका, त्याला राजकीय रंग येतो. माहिती अधिकारात मिळालेलं उत्तर घेऊन जा.

या काळात दवाखान्याचे कागद पूर्ण आहेत का ते पाहा. डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. संमतीपत्र, शस्त्रक्रियेची टिपणं, परिचारिकांनी भरलेला चार्ट, भूलतज्ज्ञांची नोंद, हे सगळं लागतं. मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यायला हवेत, हे त्याच २००२ च्या विनियमांत आहे. आणि नोंदी तीन वर्षं जपून ठेवण्याचं बंधन आहे, त्यापुढे नाही. परिषदेने पाच वर्षं लावली आणि तोवर कागदच उरले नाहीत, असंही घडू शकतं. लेखी मागणी करा, पोच घ्या.

शेवटचा मुद्दा निकालानंतरचा. निकाल तुमच्या विरोधात गेला तर साठ दिवसांत अपील आहे. इथे एक खाचखळगा आहे. २०१९ च्या कायद्यात अपिलाचा हक्क देताना "वैद्यकीय व्यावसायिक" असा शब्द आहे, आणि तो दाखवून रुग्णांची अपिलं परत पाठवली गेली आहेत. २००२ च्या विनियमातलं ८.८ मात्र निर्णयाने व्यथित झालेल्या "कोणत्याही व्यक्ती"ला अपिलाचा हक्क देतं. म्हणून मी अशिलांना सांगतो, ८.८ चा उल्लेख करून साठ दिवसांच्या आत अपील दाखल कराच, घेणार नाही म्हणाले तर ते लेखी मागा. तो नकाराचा कागद घेऊन न्यायालयात जाता येतं. तोंडी नकार घेऊन जाता येत नाही.

साठ दिवस निकाल तुमच्या हातात पडल्यापासून मोजले जातात, निकालावरच्या तारखेपासून नाही. तो घरी येईल तेव्हा पत्र काढून घेऊन पाकीट फेकू नका. पोस्टाचा शिक्का असलेलं ते पाकीट निकालालाच टाचून ठेवा, आणि कोणत्या दिवशी मिळालं ते त्यावर स्वतःच्या हाताने लिहा.